ओढ्यापर्यंतचा खांदा

उद्या तिरडी काढणार म्हणता? काढा की. धुळवड तुमच्या वयाच्या पोरांनी करायची नाही, तर काय माझ्या गुडघ्यांनी करायची? वर कोण निजणार तेही ठरलं असेल. उत्तम. माझं एकच सांगणं. वाटेत कुठं तिरडी टेकवलीत, तर पुन्हा उचलताना चादर वर करून तोंड बघून घ्या.

हसा, हसा. तो दिवा तेवढा इकडे सरकवा आणि मग हसा.

सोनबा म्हणून धायरीचा एक शेतकरी आमच्याकडे वांगी घेऊन यायचा. वांगी कोवळी आहेत असं सांगताना त्याची नजर टोपलीत असायची. ही गोष्ट त्यानं मला सांगितली तेव्हा त्याची नजर माझ्या तोंडावर होती. तेवढ्यावरून काय ते समजा.

पानिपत होऊन बारा वर्षं झाली होती. त्या साली फाल्गुन वद्य प्रतिपदेला, म्हणजे ऐन धुळवडीला, सोनबा सकाळीच धायरीहून पुण्याला निघाला. काम साधं होतं. सोनाराकडून एक चांदीचा टाक, म्हणजे ठोकीव मूर्तीचा देव्हाऱ्यातला पत्रा, आणायचा आणि दिवस मावळता घरी पोचायचं.

टाक त्याच्या धाकट्या भावाचा होता. जयसिंगचा. जयसिंग पानिपतावर गेला तो गेलाच. मेल्याची खबर नाही, जगल्याची नाही. जायच्या दिवशी घोड्यावर बसून त्यानं विचारलं होतं, "दादा, जाऊ?" सोनबा म्हणाला, "जा." जयसिंग म्हणाला, "बरं." त्याचं सगळं तसंच. थोरला म्हणेल ते बरं. लहानपणी सोनबाच्या खांद्यावर बसून रानात जायचा, तेव्हा तेवढी एक खोड करायचा. टाचेनं छातीवर ठोके द्यायचा. दोन जलद, एक सावकाश. म्हणजे, घोडं पळव.

त्यांची आई सोजरबाई. बारा वर्षं रोज रात्री ती धाकट्याच्या नावाची भाकरी झाकून ठेवत आली. बारा वर्षं सरली तशी भावकी म्हणाली, बाई, आता पुरे. त्याला वीर करा. रणात पडलेल्या माणसाचा टाक करून देव्हाऱ्यात बसवायचा, धुळवडीला तो हातात घेऊन जळत्या होळीभोवती नाचायचं, आणि नाचणाऱ्याच्या अंगात वारं आलं की समजायचं, वीर घरी पोचला. म्हातारी कबूल झाली, पण तिनं अन्न सोडलं. पोर घरात आल्याबिगर घास घेणार नाही म्हणाली. सोनबा निघाला तेव्हा ती उंबऱ्याला धरून उभी होती. हातात जोर नव्हता, जिभेत होता.

"व्हळी इझायच्या आत ये. म्या गोवऱ्या घालत ऱ्हाते. आन् हाका इसरू नगं. पयली जोगेश्वरीम्होरं, दुसरी आंबील वढ्यावर, तिसरी आपल्या शिवंवर. नाव घिऊन म्हनायचं, घरी चल. आपल्या घरची रीत हाय. त्येला आता वाट ठावं न्हाई, बाबा. हाक ऐकत ऐकत यील."

सोनबा बुधवार पेठेत पोचला तर सोनाराच्या दुकानाची फळी लावलेली. त्यानं ती वाजवली. बराच वेळ वाजवली. शेवटी माडीच्या खिडकीतून यज्ञेश्वरशेटचं डोकं बाहेर आलं.

"फळी आमची आहे. सावकाश."

"शेट, टाक न्यायला आलोय. परवा आलो तर उद्या या म्हनला व्हता."

"मग काल यायचं."

"काल व्हळी व्हती न्हवं घरात."

"पाहा. म्हणजे दोष आमचा नाही." डोकं आत गेलं आणि पुन्हा बाहेर आलं. "जेवण व्हायचंय. बसा ओट्यावर."

शेट जेवला. मग बहुधा लवंडला. तेवढ्या वेळात ओट्यावर बसल्या बसल्या सोनबा आधी पिवळा झाला, मग लाल, मग चिखलाचा. ऊन कलल्यावर फळी उघडली. शेटनं तांबड्या फडक्यावर टाक ठेवून पुढं केला.

"घोडा पुढं, स्वाराची नजर पुढं, तलवार उजव्या हाती. नीट बघून घ्या. मागाहून तक्रार ऐकत नाही."

सोनबानं बघितला. स्वाराचं तोंड वालाच्या दाण्याएवढं. जयसिंगचं म्हणा, नाहीतर आणखी कुणाचं म्हणा. नजर मात्र सरळ पुढं. त्याला जास्त वेळ बघवेना. फडकं गुंडाळून त्यानं टाक कडोसरीला खोचला, वरून शेला आवळला आणि रस्त्यावर आला.

पुण्याचा शिमगा बघायला माणसं दहा दहा कोसांवरून येतात. सोनबाला तो बघायचा नव्हता, म्हणून पुण्यानं त्याला तो सबंध दाखवला. माड्यांवरून पितळी पिचकाऱ्या सुटत होत्या, पळसाचं केशरी पाणी पन्हाळीसारखं गळत होतं. गुलाल इतका, की गाडीचे बैल डाळिंबी झालेले. समोरून गाढवावर उलटं बसलेलं दाढीवालं नवरीचं सोंग आलं, गळ्यात जोड्यांची माळ, मागं शंभरभर वऱ्हाडी, आणि ज्यांच्या दारावरून एरवी मान खाली घालून जायचं त्यांच्या दारासमोर थांबून सगळ्यांची मिळून एकच बोंब. सोनबा बोळात शिरला. बोळात तमाशा चाललेला. दुसऱ्या बोळात दोन आळ्यांची शेणानं लढाई. तिसऱ्या बोळातून घुसमटत बाहेर पडला, तर समोर पुन्हा तेच गाढव.

"बाजूला व्हा की वो! मला लांब जायचंय!"

"पाहुणे," ओट्यावरचे एक म्हातारबुवा म्हणाले. त्यांच्या पगडीतून रंग ठिबकत होता. "पुढं जायला वाट नाही, मागं यायला जागा नाही. उभे राहा. सगळं पुणं तेच करतंय."

कुणीतरी त्याचं मुंडासं पळवलं. परत दिलं ते चिखल भरून. त्याचा हात कमरेवरून हलेना, तर पोरांनी फेर धरला, "पाहुण्याचं पोट दुखतं! ओवा द्या, ओवा!" सोनबा शिव्या देऊ लागला. त्या दिवशी पुण्यात शिव्या म्हणजे नमस्कार. पोरांनी दुप्पट नमस्कार केले. उतरतं ऊन माड्यांच्या वर चढत गेलं. तिकडं म्हातारी होळीत गोवऱ्या घालत बसली असेल, आणि इकडं त्याला एका गाढवाच्या पुढं सरकता येत नव्हतं. रडावं की कुणाला तरी हाणावं, असं झालं त्याला.

एवढ्यात गर्दी आपोआप दुभंगली. तिरडी आली.

पुढं कादर डफवाला, हातात धुपाचं मडकं, बायकी आवाजात गळा काढून रडत चाललेला. मागं चौघांच्या खांद्यावर तिरडी आणि तिच्यावर पांढऱ्या चादरीखाली हलवायाचा दिगंबर. हा दिगंबर म्हणजे साडेतीन मणांचा ऐवज. खांदेकऱ्यांचे डोळे बाहेर आलेले. चौकाचौकात तिरडी टेकवायची, मढ्यानं उठून बसायचं, चौकातल्या सगळ्यांचा उद्धार करायचा, एक पेढा खायचा आणि पुन्हा मरायचं.

पुढच्या उजव्या खांदेकऱ्यानं अंग टाकलं. कादरनं रडता रडता गर्दीवर नजर फिरवली आणि सोनबाचा दंड धरला.

"अहो पाहुणे, कुठले आपण?"

"धायरीचा. सोडा मला."

"सोडतो कसा? धुळवडीची तिरडी आडवी आली की परगावच्यानं खांदा द्यायचा."

"आवो, माझी म्हातारी उपाशी हाय घरी!"

"मग जायचंय कुठून? ओढ्यावरून ना? आम्हीही ओढ्यावरच जातोय, हे मढं बुडवायला." कादर जवळ आला, आवाज खाली आणून म्हणाला, "अक्कल चालवा. पुण्यात मढ्याला वाट मिळते. जिवंताला कोण देतो?"

बोलणं खरं होतं. चडफडत सोनबानं बांबू खांद्यावर घेतला. मान मोडायची वेळ आली, पण वाट मिळाली. गाढवसुद्धा बाजूला झालं.

जोगेश्वरीपाशी तिरडी टेकली. दिगंबरनं उठून सगळ्यांचा उद्धार केला. कादर भांगेचा तांब्या फिरवायला लागला, जो तो तिकडं धावला. सोनबा देवळाकडं तोंड करून उभा राहिला. त्या कल्लोळात हाक मारायची त्याला लाज वाटली. तरी ओठातल्या ओठात तो म्हणाला, "जयसिंग, घरी चल."

बोंबा, डफ, हलग्या. त्या गदारोळात शेजारच्यालाही ऐकू गेलं नसतं.

"उचला रे! अंधार पडतोय!" कादर ओरडला. चादर फुगलेली होती. पाय बाहेर आलेले होते. चौघांनी हात घातला, उचललं, आणि चौघंही एक पाऊल पुढं धडपडले. जड म्हणून उचलावं आणि रिकामी घागर निघावी, तसं झालं.

"दिग्या, अर्धा देवळात ठेवून आलास काय रे?" मागचा खांदेकरी म्हणाला. सगळे हसले.

चादरीखालून शिवी आली नाही.

शुक्रवार पेठ मागं पडली. माड्या संपल्या, बागा लागल्या. गर्दी विरळ झाली. भांग चढलेले वीसएक जण काय ते मागं उरले. वाट मोकळी होती, खांद्याला ओझं नव्हतं, तरी सोनबाचं डोकं तापलेलंच होतं, कारण वरचा माणूस आता त्याला पाय लावत होता. टाच बरगडीपर्यंत पोचत नव्हती म्हणून खांद्यावर लागत होती. दोन जलद. एक सावकाश.

"आवो, पाय आवरा," सोनबा खेकसला.

जरा वेळ काही नाही. पुन्हा दोन जलद. एक सावकाश.

सोनबाला कसलीशी आठवण आल्यासारखं झालं. तेवढ्यात कुणीतरी त्याच्या तोंडावर मूठभर गुलाल हाणला. डोळे पेटले. आठवण गेली. उरल्या त्या शिव्या.

आंबील ओढ्यावर पोचले तेव्हा चांद पर्वतीच्या बाजूला वर आलेला होता. पुनवेचा नाही, एका दिवसानं शिळा. काठावरच्या मऊ मातीत तिरडी ठेवली. कादरनं मडकं फोडलं आणि डफ हातात घेतला.

"चला. तीनदा बुडवायचं. पहिली बुडी पाहुण्यांच्या हातची."

मागून कुणीतरी पळत येत होतं. धापा टाकत. धपधप पावलं वाजत होती.

"अरे हरामखोरांनो! पाणी सोडायला देवळामागं गेलो, तर मला टाकून निघालात? काय हा शिमगा! मढ्याशिवाय तिरडी?"

दिगंबर हलवाई होता. साडेतीन मणांचा. तोंडाला राख फासलेली. चांदण्यात उभा.

सगळे पोट धरून हसले.

मग हसू एकेकाचं थांबत गेलं.

डफ थांबला.

सगळ्यांनी दिगंबरकडं बघितलं. मग तिरडीकडं.

चादर फुगलेलीच होती.

पाय बाहेर आलेले होते. दिगंबरचे नव्हते. सडसडीत. भेगाळलेले. त्या दिवशी अख्ख्या पुण्यात रंगाशिवाय पाऊल नव्हतं… या पावलांना रंगाचा ठिपका नव्हता. नुसती धूळ. पांढरी. लांबच्या वाटेची.

"कोण… कोण रे ते?" कादरनं विचारलं. ओरडून नाही. कसंबसं.

उजवी टाच हलली. बांबूवर पडली.

टक टक.

…टक.

कादरच्या हातून डफ पडला. घरंगळत पाण्यात गेला. पळाले सगळे. दिगंबरसुद्धा. एवढा देह, आवाज न करता पळाला.

सोनबा राहिला. त्याच्या शेल्याचा पदर बांबूच्या गाठीत अडकला होता. त्यानं ओढला. निघेना. पुन्हा ओढला.

चादर हळूहळू उठत होती. झोपेतून जागं झालेलं माणूस कोपरावर उठतं, तशी.

सबंध दिवसाचा संताप आणि ती भीती, दोन्ही एकदमच त्याच्या तोंडून बाहेर पडली.

"मागं फीर!" तो किंचाळला. "माझ्या मागं येऊ नगं! जिथनं आलास तिथं जा!"

चादर थांबली.

ओढ्याचं पाणी तेवढं वाजत होतं.

"बरं."

एवढंच. चादरीखालून.

आणि ती खाली बसली. हळू. अगदी सपाट. दोन बांबूंच्या मधे, कामट्यांवर, नुसती चादर.

पदर फाडून सोनबा धावत सुटला. ओढ्यातून, वडगावावरून, अंधारातून. काय ऐकलं ते त्यानं मनाला विचारू दिलं नाही. धायरीच्या शिवेवर मात्र तो थांबला. तिसरी हाक राहिली होती.

"जयसिंग… घरी चल."

पुन्हा मोठ्यानं म्हणाला. मागं वाट चांदण्यात पांढरी पडलेली. रिकामी.

होळी विझली नव्हती. म्हातारीनं ती विझू दिली नव्हती. अंगणातल्या गोवऱ्या संपल्यावर तिनं न्हाणीचा पाट घातला होता. लेकाला बघताच तिच्या तोंडावर जे आलं, ते सोनबाला नंतर कधी सांगता आलं नाही. त्यानं आंघोळ केली. फडक्यासकट टाक आणि नारळ हातात घेतला. हलगी सुरू झाली.

एक फेरा. दुसरा. पाचवा.

हलगीवाल्याचे हात भरून आले. सोनबाचे पाय नुसते सोनबाचेच होते. अंगात काही आलं नाही. भावकी एकमेकांकडं बघू लागली.

"थांबा," सोजरबाई म्हणाली. हलगी थांबली. "दे हिकडं."

तिनं फडकं सोडलं. टाक निखाऱ्यांच्या उजेडात धरला. बराच वेळ धरला.

"वाटंत काय बोललास त्येला?"

सोनबानं सांगितलं. जोगेश्वरीपासून सगळं. शेवटचं "बरं" सांगताना त्याचं त्यालाच कळलं.

म्हातारी त्याच्यावर रागावली नाही. फडकं पुन्हा गुंडाळत म्हणाली, "मग न्हाई यायचा तो. थोरल्याचा सबूद त्यानं कंदी मोडला न्हाई."

घरात जाऊन तिनं एक भाकरी थापली आणि झाकून ठेवली. स्वतः खाल्ली नाही. पाडव्याची गुढी तिनं पाहिली नाही.

पुढं पाय चालत होते तोवर सोनबा दर धुळवडीला ओढ्यावर जायचा. काठावर उभं राहून हाका मारायचा. जयसिंग, चल. मी बोललो ते सोड. घरी चल. शिमग्याची पोरं त्यालाही सोंगच समजायची. त्याच्या हाकांवर डफ धरायची. तो चिडायचा, दगड मारायचा, मग पुन्हा हाका मारायचा.

आणि तो टाक… तो त्यानं पाडव्यानंतर यज्ञेश्वरशेटकडं नेला होता. शेट प्रथम म्हणाला, तक्रार ऐकत नाही, तेव्हाच सांगितलं होतं. मग टाक बघितला. उजेडाला नेला. अंगठ्यानं चाचपला. पाठ बघितली, पोट बघितलं. कुठं ठोका नाही, कुठं वळ नाही, चांदी अखंड.

घोडा पुढं चाललेला. तलवार उजव्या हाती. आणि स्वाराची मान पूर्ण मागं वळलेली.

शेटनं टाक सोनबाच्या हातावर ठेवला.

"घोडा माझा," तो म्हणाला. "तलवार माझी." त्यानं बोटं धोतराला पुसली. "मान माझी नाही."

आणि त्यानं फळी लावून घेतली. भर दुपारी.